कुरणात गेलेली शाळा

खर्डी स्टेशनात उतरून कुणालाही मोडकांचं विचारा, तो तुम्हाला धरणाच्या रस्त्याला लावून देईल. वैतरणेवरचं हे धरण १९५७ साली पुरं झालं. मुंबई महापालिकेचे अभियंते नानासाहेब मोडक यांचं नाव त्या जलाशयाला मिळालं, आणि तेव्हापासून आमच्या भागात मोडक म्हटलं की मोडकसागर. त्याचं पाणी मुंबईला जातं. आमच्या शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र मार्च लागला की बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

हे धरण ज्या सुमारास पुरं होत होतं, त्याच सुमारास त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यात, मोडक नावाच्याच एक बाई आपला संसार एका टेकडीवर हलवत होत्या. वय पासष्ट. संसार म्हणजे काही पुस्तकं, मुलांच्या खेळण्याची साधनं आणि सोबतीला एक सहकारी बाई. टेकडीचं नाव कोसबाड आणि बाईंचं नाव ताराबाई मोडक. त्यांची गोष्ट मला आज सांगायची आहे, आणि ती सांगण्याचं निमित्त घरातलंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची कसारा लोकलनं दोन दिवस राहायला आली. ती मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञान शिकते. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा तिनं नीट समजावून सांगितलं. मुलाला काय शिकवायचं, ते कोणत्या क्रमानं आणि कोणत्या साधनानं, आणि शेवटी त्याला ते आलं की नाही हे ताडून कसं पाहायचं, याची आखणी करण्याचं हे शास्त्र. बरोबर तिनं वाचायच्या पुस्तकांची यादी आणली होती. त्यात स्किनर होते, ज्यांनी १९५४ च्या सुमारास मुलाला एकेक पायरीनं पुढं नेणारं शिकवण्याचं यंत्र मांडलं. ब्लूम होते, ज्यांनी १९५६ साली शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड लावली. १९६५ सालचं गान्ये यांचं पुस्तक होतं. सगळी मोठी माणसं, सगळी अमेरिकेतली. यादी माझ्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली की मामा, तुम्ही एवढं वाचता, यात आपल्याकडचं एखादं नाव बसेल का?

मी क्षणाचाही विचार न करता ताराबाईंचं नाव घेतलं. त्यावर तिनं विचारलं की त्या अंगणवाडीवाल्या का? एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते नाव तिला पाठ होतं. त्या एका मार्कामागं केवढं आयुष्य उभं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या वयात मलाही नव्हतं. मला ते फार उशिरा आणि जरा शरमेच्या वाटेनं कळलं. त्या शरमेची हकिगत पुढं येईलच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकरांच्या घरात झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळं मुलींनी शिकावं की नाही हा वाद त्या उंबऱ्याच्या आत नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. तो काळ असा की, बी. ए. झालेली मराठी मुलगी ही लोकांनी वळून पाहायची गोष्ट होती. पुढं अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं. घर, पैसा, प्रतिष्ठा सगळं होतं, पण संसार टिकला नाही. १९२१ साली त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा अशा ठिकाणी रेंगाळण्याचा मोह मला होतो. पण त्या स्वतः तिथं रेंगाळल्या नाहीत, तर आपण का रेंगाळा? १९२१ साली घर सोडणाऱ्या बाईला समाज काय म्हणाला असेल याची कल्पना ज्याची त्यानं करावी.

त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, पगाराची नोकरी. आता आयुष्याला बैठक आली असं कुणीही म्हटलं असतं. मी बँकेत उमेदीची सगळी वर्षं काढली. कायम नोकरी आणि हुद्दा या दोन गोष्टी माणसाच्या पायात कशा घट्ट रुततात हे मला ठाऊक आहे. ताराबाईंनी दोन-तीन वर्षांतच ती खुर्ची सोडली आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसायला गेल्या.

गिजुभाई हा एक विलक्षण गृहस्थ. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून माँटेसरी बाईंच्या लिखाणापर्यंत पोचले आणि वकिली सोडून मुलांचे झाले. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत लोक त्यांना मिशांची आई म्हणत. ताराबाई आणि गिजुभाईंनी मिळून माँटेसरी पद्धत भारतीय घरात आणली. गाणी, गोष्टी, नाटुकली, माती, भोवतालचा निसर्ग हे सगळं त्यांनी त्यात मिसळलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी 'शिक्षणपत्रिका' निघाली, तिच्या मराठी आवृत्तीचं काम पुढं ताराबाईंनी वाहिलं. मुलांना मारू नका, धाक घालू नका, हे आज कायद्यात लिहिलेलं आहे. त्या वेळी ते घराघरांत जाऊन, पत्रिकेतून पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं, आणि ऐकणारे हसत होते.

इथं माँटेसरी बाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपली पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडली. आईबाप दिवसभर कामावर आणि मुलं जिन्यांवर मोकाट, अशा मुलांसाठी. त्यांची साधनं पाहिली की मोठी गंमत वाटते. एका लाकडी ठोकळ्यात दहा खड्डे आणि त्यात बसणारे दहा दट्टे, क्रमानं जाड-बारीक. मुलानं दट्टा चुकीच्या खड्ड्यात घातला तर शेवटी एक दट्टा कुठंच बसत नाही. चूक झाली हे बाईंनी सांगावं लागत नाही, लाकूडच सांगतं. मूल पुन्हा सगळे दट्टे काढतं, पुन्हा लावतं. एका वेळी एकच गुण शिकवायचा, सोप्याकडून अवघडाकडं जायचं आणि चूक मुलाची त्यालाच दिसेल अशी सोय साधनातच ठेवायची. माझ्या भाचीच्या यादीतल्या पुस्तकांत जे पुढं मोठमोठ्या शब्दांत आलं, त्यातलं पुष्कळसं या दट्ट्यांत आधीच बसलेलं होतं. तिला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली.

पण एक विचित्र गोष्ट घडली. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडं आली ती पॉलिश केलेल्या लाकडाच्या पेट्यांतून. साधनं मापात हवीत, नेमक्या वजनाची हवीत, म्हणून महाग. त्यामुळं माँटेसरी म्हणजे शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांची शाळा, असं समीकरण होऊन बसलं. ताराबाईसुद्धा या समीकरणात काही वर्षं होत्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं आणि उत्तम चाललं. शिक्षिका तयार करणारं अध्यापनमंदिर निघालं. दादर-माटुंग्याचे पालक मुलांना हौसेनं घालत होते. ताराबाई तिथंच राहिल्या असत्या तरी त्यांचं नाव आदरानं घेतलं गेलं असतं.

त्या राहिल्या नाहीत. १९३९ साली गिजुभाई गेले. देशात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपासून खेड्यातल्या शिक्षणाचा विचार जोरात होता. गांधीजींच्या विचारांची हवा त्यांना लागली होतीच. मुलाचं शिक्षण शाळेच्या आधी सुरू होतं हे जर खरं, तर ते दादरच्या मुलाचं तेवढं खरं आणि खेड्यातल्या मुलाचं खोटं असं कसं? या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते देण्यासाठी उठून जावं लागणार होतं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. आचार्य भिसे यांच्यासारखी माणसं तिथं आधीपासून शिक्षणाचं काम करत होती. तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा शिबिरात त्यांना एक पस्तिशीची शिक्षिका भेटली. अनुताई वाघ. मूळच्या पुण्याकडच्या, मोरगावात जन्मलेल्या, बालपणीच लग्न आणि बालपणीच वैधव्य आलेल्या. पुण्यात चांगली नोकरी होती. ती सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि मग आयुष्यभर तिथल्याच झाल्या. आईशी मुलीचं असावं तसं हे नातं होतं, पण त्यात कामाचा धागा रक्ताच्या धाग्याहून पक्का निघाला.

१९४५ हे सालही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. आईबाप सावकाराच्या शेतात वेठीला आणि मुलं गुरांमागं, असं ते जग. परुळेकरांची वाट वेगळी, ताराबाईंची वेगळी. पण ज्या घराच्या दारात दोघी बायका वेगवेगळ्या दिशांनी येऊन थांबल्या, ते घर एकाच प्रकारचं होतं.

आणि आता माझी हकिगत सांगतो.

१९९० च्या आसपास मी याच तालुक्यात बँकेच्या एका शाखेत अधिकारी होतो. बँकेच्या कसल्याशा वर्धापनाच्या वर्षी समाजकार्याच्या खात्यातून एका आडगावच्या शाळेला एक टीव्ही, व्हिडिओ आणि शैक्षणिक कॅसेटांचा संच द्यायचं ठरलं. प्रस्ताव माझा, सही माझी, हारही मलाच घातला. फोटो निघाला. तीन-चार वर्षांनी कर्जवसुलीच्या फेरीत पुन्हा त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी मोठ्या अगत्यानं चहा दिला आणि कपाट उघडून दाखवलं. टीव्ही जसाच्या तसा. वर प्लास्टिकचं आवरण, कॅसेटांच्या डब्यांची सीलंसुद्धा फुटलेली नव्हती. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होती, काही मोडलं तर पगारातून कापलं जाईल अशी त्यांना भीती होती, शिवाय वीज अकरा ते पाच या वेळात असेलच असं नव्हतं. एकही ओरखडा नाही, असं ते अभिमानानं म्हणाले. लाज वाटण्याजोगी गोष्ट ही, की मलाही समाधान वाटलं. बँकेच्या माणसाची नजर. मालमत्ता सुरक्षित आहे, पंचनाम्याला अडचण नाही. त्या कपाटाबाहेर, व्हरांड्यात, एक सात-आठ वर्षांची कातकरी पोर कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी होती. ती शाळेत का बसत नाही हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

त्या मुख्याध्यापकांना दोष द्यायचा नाही. १९८७ नंतर खडू-फळा मोहिमेत देशभरातल्या शाळांना साहित्याच्या पेट्या मिळाल्या. त्यांतल्याही कित्येक पेट्या याच भीतीपोटी कुलपात राहिल्या. चूक पेटी देणाऱ्याची असते. आपण वस्तू देतो आणि शिक्षण दिलं असं समजतो.

पुढं नोकरीत माझी बदली डहाणूकडं झाली. एका रविवारी सहज कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ताराबाई जाऊन वीस वर्षं झाली होती, अनुताईही १९९२ साली गेल्या होत्या. बालवाडीत साधनं बुटक्या फळ्यांवर, मुलाच्या हाताला येतील अशी मांडलेली होती. शिंपले, बिया, गोटे, बांबूचे तुकडे, काड्यांच्या जुड्या. मी बँकेच्या सवयीनं मनात किंमत मांडायला लागलो आणि बेरीज शून्याच्या पुढं सरकेना. त्या शून्य रुपयांच्या फळीपुढं मला माझं कुलूपबंद कपाट आठवलं. त्या दिवसापासून मी ताराबाईंबद्दल मिळेल ते वाचायला लागलो.

काय केलं होतं त्यांनी? माँटेसरी बाईंचं तत्त्व तसंच ठेवलं आणि सामान बदललं. लहान-मोठं शिकायला रंगवलेले लाकडी घन कशाला, एकाच झाडाची पानं क्रमानं मांडता येतात. खरखरीत आणि गुळगुळीत शिकायला सालं आहेत, दगड आहेत. मोजायला बिया आणि काड्या आहेत. दहा काड्यांची एक जुडी बांधली की दशक झालं, सोडली की पुन्हा एकक. मूल मोडलं तरी चालेल अशा वस्तू, आणि मोडल्या तर झाडाखाली पुन्हा मिळतील अशा. हे ऐकायला सोपं वाटतं. पण कोणतं तत्त्व सोडायचं नाही आणि कोणती वस्तू सोडायला हरकत नाही, हे ओळखायला ज्यानं ती पद्धत मुळापासून आत्मसात केली आहे असाच माणूस लागतो. अर्धवट शिकलेला माणूस वस्तू धरून ठेवतो आणि तत्त्व सोडून देतो.

सामान बदलून मात्र भागलं नाही. बोर्डीत बालवाडी निघाली, पण जी मुलं यायला हवीत तीच येईनात. इथं ताराबाईंच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. मुलं येत नाहीत याचा अर्थ आईबाप अडाणी आहेत असा त्यांनी लावला नाही. मुलं का येत नाहीत हे त्या शोधत बसल्या. अंगावर धड कपडा नाही. घर सोडून परक्या ठिकाणी जायची भीती. आई कामावर गेली की घर राखायचं. मग मूल येत नाही तर शिक्षिकेनं त्याच्या अंगणात जावं. वस्तीतल्या एखाद्या अंगणात बाई जाऊन बसायच्या. आधी आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणं, गोष्ट, मग बियांचा खेळ. चार मुलं जमायची, मग आठ, आणि बघता बघता दाराशी उभ्या राहणाऱ्या आयासुद्धा. बालवाडी अंगणात गेली म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, त्याचा जन्म कुठल्या समितीत झालेला नाही. तो एका अडचणीच्या उत्तरातून आलेला आहे.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडला गेलं, अगदी वारली पाड्यांच्या मध्ये. तिथं नवी अडचण. मोठ्या मुलीला शाळेत यायचं असतं, पण कडेवर धाकटं भावंडं असतं. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. कडेवरचं मूल पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. व्हरांड्यात भावाला घेऊन उभ्या असलेल्या त्या कातकरी पोरीचं उत्तर असं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं, तेही याच जिल्ह्यात. मी वाचलेलं नव्हतं एवढंच.

तरी काही मुलं उरलीच. गुराखी. सकाळी गुरं सोडायची, संध्याकाळी आणायची. त्यांच्या पोटाचा तो धंदा. त्यांनी गुरं सोडून शाळेत यावं असं सांगणं म्हणजे चूल विझवायला सांगणं. म्हणून शाळाच कुरणात गेली. शिक्षक गुरांमागं चालू लागले. झाडं, पाखरं, माती, ओढा हाच वर्ग. तिथंच मोजणं, तिथंच अक्षरं. हीच कुरणशाळा. वेळ मुलाची, जागा मुलाची, सामान मुलाच्या पायाखालचं. अमेरिकेत स्किनरसाहेब यंत्राच्या खिडकीतून प्रश्न सरकवत होते त्याच दशकात आमच्या जिल्ह्यात शिक्षक गुरांच्या वेळापत्रकावर धडा बसवत होते. दोघंही एकच विचारत होते की, या मुलाची पुढची पायरी कोणती? फरक एवढाच की स्किनरांचं मूल यंत्रापुढं आधीच येऊन बसलेलं होतं.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई प्रांताच्या विधानसभेत होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. लिखाण चालूच होतं. 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त' अशी पुस्तकं त्यांनी पालकांसाठी लिहिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. नंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. अनुताईंनी पुढची एकोणीस वर्षं कोसबाडचं काम चालवलं आणि 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात ते लिहूनही ठेवलं.

इथंच थांबलं तर गोष्ट गोड होईल, पण ती पुरी खरी होणार नाही. सरकारनं ताराबाईंचा शब्द उचलला, पोषण उचललं, वजनकाटा उचलला. उपाशी देशात ते आवश्यकच होतं, आणि अंगणवाडीच्या ताया ते किती थोड्या मानधनात करतात हे मी रोज पाहतो. मागं राहिलं ते शिकणं. खिचडी शिजवून, वजनं घेऊन, रजिस्टरं भरून झाल्यावर बियांच्या खेळाला दुपार उरत नाही. पुढं रजिस्टराच्या जोडीला मोबाइल आला. तंत्रज्ञान अंगणापर्यंत आलं खरं, पण मुलाच्या हातासाठी नव्हे, वरच्या कचेरीच्या नोंदीसाठी. कुरणशाळेचं तर नावही मागं पडलं. त्याचं कारणही मला बँकेच्या भाषेत कळतं. इमारतीला अंदाजपत्रकात रकाना असतो, संगणकाला असतो. मुलामागं चालणाऱ्या शिक्षकाला रकाना नसतो.

तरीही तो विचार मेला असं म्हणवत नाही. याच ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. कच्च्या विटांच्या झोपडीशेजारी शाळा, भट्टी जिथं तिथं शाळा. आमच्याच शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेनं काही वर्षांपूर्वी डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर नाव मिळवलं. तिथला पडदा कुलपात राहिला नाही, कारण शिक्षकानं तो गावाला बरोबर घेऊन, मुलांच्या बोटांसाठी बसवला होता. म्हणजे वैर यंत्राशी नाहीच. २०२० च्या टाळेबंदीत खर्डीच्या आसपासची पोरं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून बसायची, ते मी पाहिलं आहे. एका मोबाइलला पाच डोकी. त्या वेळी गावोगावचे काही शिक्षक वह्या घेऊन पाड्यावर जायचे, ओट्यावर चार-चार मुलं घेऊन बसायचे. त्यांतल्या किती जणांना ताराबाईंचं नाव माहीत असेल कुणास ठाऊक, पण ते कुरणशाळाच चालवत होते.

भाचीला हे सगळं मी दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. यादीतली पुस्तकं सोडू नकोस, असंही बजावलं. स्किनर वाचल्यावर ताराबाई जास्त कळतात, आणि ताराबाई वाचल्यावर स्किनरमध्ये काय राहिलं ते कळतं. तिनं यादीत दोन मराठी नावं लिहून घेतली. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या पाड्यावर गेलो. ताई मोबाइलवर वजनं भरत होत्या. भाची मुलांमध्ये जाऊन बसली आणि कुणीतरी तिच्या ओंजळीत चिंचोके आणून दिले. पुढचा तास ती माझ्याशी बोलली नाही.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. अभ्यासाचा भाग म्हणून तिला मोजणी आणि बेरजेचे धडे तयार करायचे होते. मला वाटलं, खर्डीला रेंज कशी आहे, शाळेत किती टॅब आहेत, असं काहीतरी विचारेल. तिनं विचारलं की मामा, तुमच्याकडची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर नक्की कधी निघतात, दिवाळीनंतर किती दिवसांनी, आणि परत कधी येतात? मुलं बरोबर जातात ना? मग तिकडं त्यांच्या हाताशी मोजायला काय असतं?

विटा असतात, मी म्हणालो. आणि तिला तारखा विचारून कळवतो म्हणून चपला घालून पाड्याकडं निघालो.